करोनाने नेलेला वास परत आला, पण वाकडा आलाय. कोणाचा सरळ झालाय का?

तिरफळ | १८ जुलै २०२१, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण पोटात भूक आहे आणि घरात शिजलेलं काहीही तोंडाजवळ नेववत नाही.

आधी ओळख सांगते. मालवणपासून थोडं आत, खाडीकाठच्या गावात आमची घरगुती खाणावळ आहे. हंगामात पर्यटकांना माशांची थाळी, एरवी डबे, आणि उन्हाळ्यात मसाला कुटून विकणं. यंदा हंगाम कसला! एप्रिलपासून करोनावाल्या घरांना डबे पोचवत होतो. फाटकाला पिशवी अडकवायची, हाक मारायची आणि मागे फिरायचं. तरी ४ मेला मला ताप आलाच. तीन दिवसांत उतरलासुद्धा. पाचव्या रात्री झोपताना विक्स लावलं. गार लागलं, झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. उठून हिंगाची डबी उघडली. काही नाही. सुक्या बोंबलांच्या डब्यात अक्षरशः तोंड घातलं. काही नाही. कोऱ्या कागदाचा वास घेतल्यासारखं.

मग १६ मेच्या रविवारी तौक्ते वादळ आलं. आमच्याकडे आठ दिवस लाईट नव्हती. डीप फ्रीजमध्ये सुरमई, कोळंबी, तिसऱ्या, सगळं भरून ठेवलेलं. सातव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा नवरा अंगणात जाऊन ओकला, सासूबाई पदर नाकाला लावून माडाखाली जाऊन बसल्या, आणि मी आपली शांतपणे हाताने एकेक मासा काढून बालदीत टाकत होते. घरात सगळे म्हणाले, बरं झालं तुला वास नाही. मीही हसले. तेव्हा वाटत होतं, येईल पंधरा दिवसांत.

नाही आला. आणि खरी फजिती सुरू झाली ती वाटपावर. तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांना सांगायला नको, आमचं सगळं कालवण भाजलेल्या कांदा-खोबऱ्यावर उभं असतं. ते भाजताना मी कधी तव्याकडे बघतसुद्धा नव्हते. दुसरं काहीतरी चिरत असायची आणि नाक सांगायचं. आधी कांद्याचा ओला गोड वास, मग तो सुटतो आणि खोबऱ्याचा वर येतो, मग एक क्षण खमंग. त्या क्षणी उतरवलं नाही तर अर्ध्या मिनिटात कडू. तो क्षण गेला माझा. जूनमध्ये दोन वेळा करपलेलं वाटप घालून डबे गेले. एका काकांनी फोन करून हळूच विचारलं, आज कोणी दुसऱ्याने केलंय का?

तेव्हापासून सासूबाईंचं नाक उसनं घेतलंय. त्या ओटीवर भाजी निवडत बसतात आणि तिथून ओरडतात, "गो, कांदो करपता हा!"

हे सगळं चाललं असतं. पण जुलै लागल्यापासून नवीनच प्रकार सुरू झालाय. वास यायला लागलाय, पण चुकीचा! कांदा तव्यावर पडला की जळकं रबर, तुंबलेलं गटार आणि वर काहीतरी गोडूस, असं एकत्र येतं. लसणाचं तेच. अंड्याचं तेच. कॉफीचं तर विचारूच नका. टूथपेस्टसुद्धा. मासेमारीची बंदी उठायला दोन आठवडे आहेत, म्हणजे घरात रोज सुकट नाहीतर सोडे. ते मला येतच नाहीत, पण त्यांच्यात घातलेला कांदा येतो. गेले दहा दिवस पेज, ताक आणि काकडीवर आहे. पाच किलो उतरले.

हे असंच राहणार आहे का? कोणाला झालंय का? गावातल्या डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स दिलं आणि म्हणाले, देवाचे आभार माना. ते मानतेच आहे.

---

घाटावरची | १८ जुलै २०२१

अगं बाई! माझ्या जावेचं सेम. तिला चहाचा वास पेट्रोलसारखा येतो. वाफ घे, ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी हुंग. आणि ते व्हिडिओत दाखवतात ना, संत्रं गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजायचं आणि गुळात कालवून खायचं, ते करून बघितलंस का?

---

रापणकर | १८ जुलै २०२१

माका तर म्हावऱ्याचो वास येवचोच बंद झालो हा गेलो महिनोभर. बायल म्हणता, तुका तो आधीपण येय नव्हतो. ह.घ्या. (हलके घ्या)

ताई, तुमचो फ्रीज वाचून हसलंय पण खराच सांगतंय, सोपा नाय तां. जाळी धुताना एकदम काहीतरी चुकल्यासारखा वाटता. खारो वारो लागता तोंडार पण दर्याचो वास नाय.

---

आढीवाला | १९ जुलै २०२१

ताई, तुमचं वाटप तसा माझा आंबा. रत्नागिरीच्या दक्षिणेला आमची कलमं आहेत. ऐन एप्रिलात पॉझिटिव्ह आलो. घरातल्या घरात खोलीत बंद, आणि शेजारच्या खोलीत पेंढ्यात आढी लागलेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आढीतला आंबा डोळ्याने कमी आणि नाकाने जास्त कळतो. पाच-सहा दिवसांनी खोलीचं दार उघडलं की पहिला भपकारा येतो, त्यावरून आज कुठल्या थरातली पेटी भरायची ते ठरतं. एखादा देठाकडून कुजायला लागला असेल तर त्याचा आंबूस वास दोन थर खालून वर येतो. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष) मात्र नाकालाही कळत नाही, तो सुरी लावल्यावरच. माझे वडील दारात उभे राहून सांगायचे, डाव्या कोपऱ्यात एक गेलाय. आणि तो असायचाच.

बरा होऊन बाहेर आलो, आढीच्या खोलीत गेलो, आणि नुसता पेंढा दिसला. पिवळे आंबे रंगवलेल्या लाकडाचे वाटले. बायकोने आणि पुतण्याने मिळून हंगाम काढला. पुण्याला गेलेल्या पेट्यांमधल्या काही परत आल्या, त्या माझ्या निवडीतल्या होत्या.

मला अजून वाकडा वास नाही आणि सरळही नाही. कोरंच आहे.

---

संकासुर | १९ जुलै २०२१

राग मानू नका, पण गेल्या तीन महिन्यांत आमच्या वाडीतली चार माणसं गेली. ऑक्सिजनसाठी लोक जिल्ह्याच्या गावी रात्रभर गाड्या घेऊन फिरले. इथे वासावर एवढा मोठा धागा? जीव वाचलाय, खा आणि गप्प बसा.

---

तिरफळ | १९ जुलै २०२१

संकासुर, तुमच्या वाडीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही माझे चुलतसासरे गेले. त्यांना शेवटचा डबा मीच दिला होता.

पण "खा" म्हणालात ना, तिथेच अडलंय. खाता येत नाही म्हणून लिहिलं. आणि माझं पोट वासावर चालतं हो. सुताराची दोन बोटं गेली तर त्याला कोणी म्हणतं का, जीव वाचलाय, आता बस?

परवाचंच सांगते. दूध उतू गेलं, गॅस विझला, बटण चालूच. मी दोन हातांवर शेगडीसमोर उभी राहून तांदूळ धूत होते. सासूबाई आतून धावत आल्या नसत्या तर मी दिवा लावायला काडी ओढणारच होते. तिन्हीसांजेची वेळ होती.

---

कानफाट्या | २० जुलै २०२१

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, म्हणून हे नाव. दुपारी पेशंट कमी असतात, म्हणून सविस्तर लिहितो. इथे लिहितोय ते तपासणीऐवजी नाही हे आधीच सांगतो.

पहिलं, तिरफळताईंना झालंय ते खरं आहे, त्याला नाव आहे आणि ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. वास अजिबात न येणं म्हणजे अनॉस्मिया. असलेल्या गोष्टीचा भलताच वास येणं म्हणजे पॅरॉस्मिया. समोर काही नसताना वास येणं, तो फँटॉस्मिया. साथीच्या सुरुवातीला आम्हा डॉक्टरांनाही हे नीट उमगलं नव्हतं. केंद्र सरकारने वास-चव जाणं हे करोनाच्या लक्षणांच्या यादीत घातलं तेच १३ जून २०२० ला.

आता होतं काय ते. नाकाच्या पोकळीत अगदी वर, छपराला, टपालाच्या तिकिटाएवढा एक पापुद्रा असतो. वास टिपणाऱ्या नसांच्या पेशी तिथे असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या आधारपेशीही. विषाणूला आत शिरायला जे दार लागतं, एसीई-२ नावाचं, ते नसांच्या पेशींवर नसून या आधारपेशींवर आहे. हार्वर्डच्या गटाने २०२० मध्येच हे दाखवलं. म्हणजे करोना कामगारांना मारत नाही, त्यांची खानावळ बंद पाडतो. (ताई, उपमा तुमच्यामुळेच सुचली.) बहुतेकांची ही खानावळ काही आठवड्यांत पुन्हा सुरू होते. काहींच्यात नुकसान खोलवर जातं आणि नसांच्या पेशीही मरतात.

पण निसर्गाने इथे एक सोय ठेवलीय. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या पेशी सहसा पुन्हा उगवत नाहीत, वासाच्या उगवतात. पापुद्र्याच्या तळाशी बियाण्यासारख्या पेशी असतात, त्यांतून नव्या तयार होतात. त्यांना हाडाच्या चाळणीतून वर जाऊन मेंदूतल्या नेमक्या ठिकाणी जोडलं जावं लागतं. माणसात वास टिपणारे साधारण ४०० प्रकार आहेत. हे प्रकार शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. एकेक वास म्हणजे या ४०० पैकी कुठल्या कुठल्या घंटा एकदम वाजल्या त्याचा मेळ. नव्या नसा येताना काही घंटा लागतात, काही लागत नाहीत, काही चुकीच्या दोरीला बांधल्या जातात. मग कांद्याचा मेळ अर्धवट वाजतो आणि मेंदू म्हणतो, हे गटार. म्हणून वाकडा वास हा बहुतेक वेळा नसा उगवत असल्याची खूण असतो. त्रास भयंकर, पण मी तुमच्या आणि आढीवाल्यांच्या केसमध्ये तुम्हालाच पुढे गेलेल्या समजेन.

विक्स झोंबलं पण वास आला नाही, त्याचं उत्तरही इथेच. झोंबणं, गार लागणं, तिखट लागणं हे वासाच्या नसेचं काम नाही. ते चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचं. ती शाबूत होती. जिभेलाही गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (रश्श्याची असते तसली रुचकर चव) एवढंच कळतं. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ती घास चावताना घशामागून नाकात चढणारी वाफ असते. म्हणून वास गेलेला माणूस मीठ जास्त घालू लागतो. बीपी असेल तर लक्ष ठेवा.

उपाय. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हमेल यांनी २००९ मध्ये, म्हणजे करोनाच्या खूप आधी, वासाचा व्यायाम मांडला. चार वास: गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक १०-१५ सेकंद, हळूहळू हुंगायचा, मध्ये थोडं थांबायचं. हुंगताना तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. निदान १२ आठवडे. खर्च काही नाही, अपाय काही नाही, आणि रोज करण्याइतका कंटाळवाणा दुसरा व्यायाम नाही! निम्मे पेशंट तिसऱ्या आठवड्यात सोडतात.

संत्रं भाजून खाण्याला काही आधार नाही, जीभ मात्र पोळते. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका, विशेषतः मधुमेह असेल तर. यंदा काळ्या बुरशीचे पेशंट बघून माझी झोप उडालीय. जस्ताचं नाकात घालायचं जेल मागवू नका. त्यानेच लोकांचा वास गेला म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता.

आणि ताई, गॅस. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम एथिल मरकॅप्टन घालतात. तुमच्यासाठी तो पहारेकरी सध्या झोपलाय. गळती सांगणारं यंत्र मिळतं, ते आजच मागवा. एलपीजीचं यंत्र जमिनीलगत लावायचं, कारण हा वायू जड असतो, खाली साचतो. गळतीसाठी १९०६ हा नंबर फ्रीजवर चिकटवा.

---

ल्याबवाली | २० जुलै २०२१

उत्तम प्रतिसाद डॉक्टर. थोडं अवांतर, रापणकरांच्या सौभाग्यवतींसाठी. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनचा. आइसलँडमध्ये २०२० साली एक अभ्यास झाला, त्यात काही लोकांच्या एका जनुकात असा बदल सापडला की त्यांना मासळीची घाण फारशी येतच नाही. त्यामुळे तुम्हाला तो आधीपासून येत नसेल तर तुम्ही कदाचित आइसलँडचे जावई.

---

रापणकर | २० जुलै २०२१

बायलेक वाचून दाखवलंय. ती म्हणता, मग थयसरच धाडा.

---

वाशिष्ठीकाठ | ९ ऑगस्ट २०२१

उशिरा लिहितोय. २२ जुलैला आमच्या चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या दुकानात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं.

माझा वास मेपासून गेलेला होता. पाणी ओसरल्यावर पाचव्या दिवशी गाळ उपसत होतो, फावड्याने कपाटाखालचा थर उचलला आणि वास आला. डिझेल, चिखल, सडलेलं धान्य. शेजारी विचारतोय, काय झालं, बसलास का? मी म्हटलं, वास येतोय. त्याला वाटलं तक्रार करतोय.

त्यानंतर एकेक येतंय. पण अजून कुठलीही ओली माती हुंगली की मला दुकानच दिसतं. पहिल्या पावसाचा मातीचा वास मला पूर्वी फार आवडायचा.

---

तिरफळ | ५ सप्टेंबर २०२१

अपडेट देते. डॉक्टर, तुमचे उपकार. दीड महिना झाला, एकही वेळ चुकवलेली नाही. सासूबाई देवपूजा करतात तेव्हा मी बाजूला बसून बरण्या हुंगते. त्यांना वाटतं दोन्ही एकच.

लवंग, लिंबू, निलगिरी घरात होतीच. गुलाबाचं अत्तर नवऱ्याने कणकवलीहून आणलं. कॅलेंडरवर रोज खूण करते. शून्य म्हणजे काही नाही, फुली म्हणजे घाण, टिंब म्हणजे काहीतरी आहे पण काय ते कळत नाही. जुलै सगळा शून्य आणि फुल्यांचा आहे. ऑगस्टच्या मध्यापासून टिंबं लागलीत.

निलगिरीचं आधी "आला" म्हणून लिहीत होते, मग लक्षात आलं की ते नुसतं झोंबतंय. आता झोंबलं आणि आला हे वेगळं लिहिते. माझ्या नावाचं तिरफळ तर महालबाड! बांगड्याच्या तिखल्यात घातलं, जीभ बधिर झाली, मला वाटलं चव आली. नाही, तीच चेहऱ्याची नस.

पण एक खरं सांगायचंय. नागपंचमीला सासूबाईंनी पातोळ्या केल्या. परसातली हळदीची पानं आणली, पीठ थापलं, गूळ-खोबरं भरलं, मोदकपात्रात ठेवल्या. मी फुल्यांच्या भीतीने दारातच उभी. झाकण उघडलं आणि हळदीच्या पानाचा वास आला. सरळ. जसा असतो तसा. दोन-तीन श्वास टिकला आणि गेला. पाच पातोळ्या खाल्ल्या, मे महिन्यानंतर पहिल्यांदा पोटभर. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सहावी वाढली.

भाजलेला कांदा अजून गटारच आहे. डॉक्टर, वाफवलेलं येतं आणि भाजलेलं का नाही?

डोळ्यांनी वाटप भाजायला शिकलेय, तेही लिहून ठेवते, कोणाच्या उपयोगी पडेल. कांदा चुरचुरायचा थांबला की खोबरं घालायचं. खोबऱ्याला नव्या कौलाचा रंग आला की उतरवायचं. जुन्या कौलाचा आला तर टाकून द्यायचं. खोबरं आणि मसाल्याच्या बरण्यांवर तारखा घातल्यात. खवट झालेलं खोबरेल मी आठवडाभर डोक्याला लावत होते, कोणी सांगितलं नाही.

---

कानफाट्या | ६ सप्टेंबर २०२१

तीन महिने झाले की चार वास बदला, त्याने जास्त फायदा होतो असं दिसलंय. तुमच्या घरातलेच घ्या: आलं, वेलची, हळदीचं पान, कॉफी. हो, कॉफीसुद्धा, पण लांबून आणि गार. खाण्यात सध्या गरम, भाजलेलं, तळलेलं टाळा. थंड किंवा कोमट खा, वाफ कमी उठते. "का" चं उत्तर अजून पक्कं नाही, मिळालं की लिहितो.

---

संकासुर | ७ सप्टेंबर २०२१

तिरफळताई, जुलैत जरा जास्त बोललो. असो.

एक विचारायचंय. आमच्या वडिलांना करोना झालेला नाही, वय ७८. पण हा धागा वाचून त्यांना डोळे मिटायला लावून कापूर, चहापूड, रॉकेल हुंगवलं. रॉकेलला म्हणाले, अत्तर आहे का? ते गावी एकटे स्वयंपाक करतात. गॅसचं ते यंत्र बॅटरीवर चालतं का? आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही.

---

कानफाट्या | ७ सप्टेंबर २०२१

वयानुसार वास कमी होतोच, आणि इतका हळूहळू की त्या माणसाला कळत नाही. तुम्ही बरं केलंत. बॅटरीची यंत्रंही येतात. वडिलांना एकदा नाक आणि स्मरणशक्ती दोन्ही दाखवून घ्या, घाबरण्यासारखं म्हणून नाही, पण दाखवा.

---

तिरफळ | १३ मार्च २०२२

बरेच दिवसांनी. वेंगुर्ल्याकडची नणंद काल सुरंगीचे वळेसर घेऊन आली. पाठमोरी होते, तिने मागून माझ्या केसांत माळला. वास आला, छान आला, पण कसला ते सांगता येईना. मोगरा? केवडा? आरशात पिवळी फुलं दिसली आणि मग एकदम सुरंगी झाली. नाकाला माहीत होतं, नाव हरवलं होतं. कोणाचं असं होतं का?

कांदा आता गटार राहिलेला नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा आहे. कॅलेंडरवर यासाठी नवीन खूण करावी लागली. मसाल्याची मिरची वाळत घातलीय, यंदा भाजायला मी बसणार, पण बाजूला सासूबाई.

---

आढीवाला | २ मे २०२२

माझं सांगतो. जानेवारीत वाकडं सुरू झालं, डॉक्टर म्हणाले होते म्हणून घाबरलो नाही, उलट बायकोला पेढे आणायला सांगितले. तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

यंदा आढीत अर्धं नाक आहे. पिकलेला कळतो, कुजका कळत नाही. मग काय केलंय, दारात मी उभा राहतो आणि मागे पुतण्या. मी म्हणतो, हा थर झाला. तो म्हणतो, डाव्या कोपऱ्यात एक गेलाय. पोरगं अठरा वर्षांचं आहे, गेल्या वर्षीपर्यंत आढीत पाऊल टाकत नव्हतं.

---

कानफाट्या | २१ ऑगस्ट २०२२

दोन गोष्टी, आधी कबूल केल्या होत्या म्हणून.

ताईंच्या "भाजलेलं का नाही" ला इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या लोकांनी बरंच उत्तर दिलंय. त्यांनी कॉफीच्या वासातले रेणू एकेक सुटे करून पॅरॉस्मियावाल्यांना हुंगायला दिले. सगळी कॉफी दोषी नव्हती, मोजके रेणू होते. सर्वांत वर टू-फ्युरानमिथेनथायॉल, गंधकाचा रेणू, भाजताना तयार होतो आणि हवेत नखभर असला तरी नाकाला कळतो. भाजणीतले दुसरेही काही त्यात आहेत. कांदा-लसणात गंधक मुळातच, वर तुम्ही तो तव्यावर लाल करता. हळदीच्या पानात यातलं काही नाही आणि ते वाफेवर. तुमच्या सासूबाईंनी नकळत प्रयोग केला तो हाच.

दुसरं, बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात गेल्या महिन्यात अनेक अभ्यास एकत्र करून आकडे आलेत. ३० दिवसांत १०० पैकी साधारण ७४ जणांचा वास परत येतो, सहा महिन्यांत ९६ जणांचा. उरलेल्या चारांपैकी दोघे या धाग्यावर आहेत असं समजा, तरी वर्षानंतरही सुधारणारे मी रोज बघतो.

---

वाशिष्ठीकाठ | २२ ऑगस्ट २०२२

माझा पूर्ण आला. मातीचं मात्र अजून तसंच.

---

पोफळीची_बाग | १९ एप्रिल २०२३

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझा वास तीन आठवड्यांपूर्वी गेलाय, तपासणी केली नाही पण घरात सगळ्यांना ताप होता. गुहागरला असते. गुलाबाचं अत्तर इथे नीट मिळत नाही. आईने दिलेला सुकलेल्या ओवळांचा (बकुळीच्या फुलांचा) एक वळेसर कपाटात आहे. तो चालेल का? आणि तिरफळताई, तुमचं आता कसं आहे?

---

तिरफळ | १९ एप्रिल २०२३

चालेल गं, ओवळं सुकली तरी वास धरून ठेवतात. झाकणाच्या बरणीत ठेव, नाहीतर कपाटात इतर वास लागतात. रोज तीच बरणी, तीच वेळ. मेपर्यंत नवीन फुलंही मिळतील. तीन आठवडे म्हणजे अजून काहीच नाही, बहुतेक आपोआपच येईल, पण बरण्यांवर तारखा आजच घाल आणि गॅसचं बटण डोळ्यांनी बघायची सवय लाव.

माझं विचारलंस तर बारा आणे आलंय. कॉफी अजून नको वाटते. मासे सगळे ओळखते, फक्त कोळंबी ताजी की कालची ते हात लावून ठरवते. वजन परत चढलं, त्याबद्दल कोणी विचारू नये. गेल्या वर्षीचा मसाला सगळा खपला आणि कोणाचा फोन आला नाही.

एवढं लिहून उठणारच होते, तर ओटीवरून हाक आली, "गो, कांदो करपता हा!" मला अजून आला नव्हता. पळते.